अंटार्क्टिकाला जायचंय? आधी जहाज किती मोठं ते बघा

अंटार्क्टिकाची बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उश्वाइयाहून सुटतात, साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये. बुकिंग करताना केबिनच्या फोटोंवर भाळू नका, प्रवासीसंख्या विचारा. ५०० हून जास्त प्रवासी असतील तर कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत; लहान जहाजांचेही एका ठिकाणी एका वेळी १०० जणच. बाकीचे तोवर रबरी झोडियाक बोटीतून हिमनग बघत फिरतात (तेही काही वाईट नाही म्हणा!). वाटेतली ड्रेक पॅसेज ही सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे दोन दिवस. बोट लागू नये म्हणून गोळ्या हव्यातच. उतरण्याआधी बुटांच्या खाचांतली माती, वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने काढायला लावतात; बाहेरचं बी तिथे रुजायला नको. पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं. तोच जवळ आला तर गुपचूप उभं राहा, वाट त्याची. आणि त्यांच्या वसाहतीतला विष्ठेचा भपकारा? तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो!