साडेपाच तासांची चूक

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर लिनक्स बंद करून विंडोज सुरू केल्यावर कधी कधी घड्याळ मागे पडलेलं दिसतं. पाच-दहा मिनिटांनी नव्हे, नेमकं साडेपाच तासांनी. बाहेर सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि पडद्यावर साडेपाच. बहुतेक जण हाताने वेळ दुरुस्त करतात, पुढच्या खेपेला चूक परत येते आणि ‘लिनक्स टाकल्यापासून मशीन बिघडलं’ असा निष्कर्ष निघतो. पण त्या आकड्याकडे एकदा नीट बघावं. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ असते असं विंडोज धरून चालतं. लिनक्स त्याच घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि पडद्यावर दाखवताना साडेपाच तास मिळवतं. घड्याळ एक, ते वाचण्याच्या रीती दोन. त्या घड्याळाची बॅटरी उतरली असती तर चूक इतकी नेमकी आली नसती. तारीख काही महिने किंवा वर्षं मागे गेली असती आणि ब्राउझरने धडधाकट वेबसाइटही ‘असुरक्षित’ ठरवल्या असत्या, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत तो कॉम्प्युटरच्या तारखेशीच ताडून पाहतो. म्हणजे घड्याळ किती चुकलं, यातच ते का चुकलं याचं उत्तर होतं. ‘टाइमडेटसीटीएल’च्या एका आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्याला जागतिक वेळ वाचायला सांगता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

हे उदाहरण मुद्दाम आधी घेतलं, कारण आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुसरं नाव ‘फॉरमॅट मारणं’ असं झालं आहे. वाय-फाय लागत नाही, फॉरमॅट मारा. प्रिंटर दिसत नाही, फॉरमॅट मारा. बंदिस्त प्रणालीत ही सवय काही अंशी समजण्यासारखी होती, कारण आत काय चाललंय हे दुकानदारालाही ठरावीक मर्यादेपलीकडे दिसत नाही. लिनक्सवर मात्र हा सगळ्यांत महागडा उपाय आहे. त्यात वेळ जातो, कधी डेटा जातो, आणि मूळ कारण न कळल्यामुळे तोच बिघाड पुन्हा भेटतो. मुक्तस्रोत प्रणाली स्वतःच्या बिघाडाची हकिगत लिहून ठेवते. म्हणून तिथली दुरुस्ती आधी वाचण्याची गोष्ट आहे, हातोडी त्यानंतर. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत न बसणारी किती तरी धडधाकट मशीन्स आता उबुंटू किंवा लिनक्स मिंटकडे वळत आहेत. त्या घरांत ही वाचनाची सवय लागली नाही, तर वर्षभरात ‘लिनक्स आपल्यासाठी नाही’ असं म्हणून ती मशीन्स भंगारात निघतील.

वाचायचं कुठे? उबुंटू, मिंट यांसारख्या आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था एक रोजनामा ठेवते. प्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलपासून छपाईच्या सेवेपर्यंत प्रत्येक जण त्यात वेळेसकट ओळ लिहितो. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने तो वाचता येतो. फक्त चुका दाखव, फक्त आत्ताच्या सत्रातलं दाखव, मशीन गोठून बंद करावं लागलं त्या मागच्या सत्रातलं दाखव, असं निवडूनही मागता येतं. आज्ञा टाइप करायची नसेल तर ग्नोम डेस्कटॉपवर हेच खिडकीत दाखवणारा प्रोग्रॅम आहे. इथे नवख्या माणसाची एक फसगत ठरलेली असते. तो रोजनामा उघडतो, लाल रंगातल्या वीस ओळी बघतो आणि घाबरतो. निरोगी मशीनच्या रोजनाम्यातही अशा लाल ओळी असतात. बायोसमधल्या एखाद्या अर्धवट तक्त्याबद्दल कर्नल वर्षानुवर्षं तक्रार लिहीत राहतो आणि कुणाचं काही अडत नाही. म्हणून रंगापेक्षा वेळ महत्त्वाची. मशीन दोन वाजून दहा मिनिटांनी गोठलं असेल, तर दोन-नऊ आणि दोन-दहाच्या मधल्या ओळी वाचायच्या. बाकीच्या सोडून द्यायच्या.

सगळ्यांत जास्त घाबरवणारा बिघाड घेऊ. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाकला, क्षणभर काळोख झाला, आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा. पाच वेळा केलं, पाच वेळा तेच. माणसाला वाटतं पासवर्ड चुकतोय. पण चुकीचा पासवर्ड टाकला की तसा संदेश येतो. इथे संदेश नाही, म्हणजे पासवर्ड स्वीकारला गेला आणि त्यापुढचं काहीतरी कोसळलं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की साधा अक्षरांचा पडदा येतो. तिथे त्याच नावाने, त्याच पासवर्डने आत जाता आलं तर खातं ठीक आहे आणि दोष चित्रमय डेस्कटॉपच्या बाजूला आहे. मग ‘डीएफ’ या दोन अक्षरी आज्ञेने डिस्कवरची जागा बघावी. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं. डिस्क शंभर टक्के भरलेली असते आणि डेस्कटॉपला सुरू होताना ज्या छोट्या फाइल लिहायच्या असतात, त्यांना जागा नसते. मशीन मात्र चालू का राहतं? लिनक्सची नेहमीची ‘एक्स्ट४’ ही फाइल व्यवस्था मुळातच पाच टक्के जागा प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवते. ती जागा वापरून सेवा चालू राहतात आणि आपल्याला आत जाऊन घर आवरायला वाव मिळतो. डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजेस, कचरापेटी, फुगलेला रोजनामा काढला की पुढचं लॉगिन सुरळीत होतं. जागा असूनही लॉगिन होत नसेल, तर मुख्यतः दोन संशयित उरतात. एक ग्राफिक्सचा ड्रायव्हर. दुसरी अशी एखादी फाइल, जी आपल्या घराच्या फोल्डरमध्ये आहे पण तिची मालकी, प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या ‘सुडो’ या आज्ञेच्या चुकीच्या वापरामुळे, प्रशासकाकडे गेली आहे.

इथे जी रीत वापरली, तीच जवळजवळ सगळीकडे लागू पडते. प्रत्येक पायरीला संशय निम्मा करायचा. लिनक्सवर त्यासाठी तीन साधनं हाताशी असतात. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवता येते. वाय-फाय तिथे चाललं तर कार्ड शाबूत आहे, दोष डिस्कवरच्या प्रणालीत आहे. नवं वापरकर्ता खातं काढून बघता येतं. आवाज तिथे येत असेल तर बिघाड आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. आणि सुरुवातीच्या ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडता येतो. कालच्या अपडेटनंतर बंद पडलेला ब्लूटूथ जुन्या कर्नलवर चालला, तर आरोपी सापडला. या तीन तपासण्यांना वीस मिनिटं लागतात, आणि त्यांत एकही फाइल पुसली जात नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. इतकं समजून घेण्यापेक्षा इंटरनेटवर किंवा चॅटबॉटकडे तयार आज्ञा मिळते, ती चिकटवली की झालं. कधी कधी होतंही. पण उबुंटूवर नवीन सॉफ्टवेअर टाकताना येणारा नकार बघा. कुलूप मिळालं नाही, दुसरा प्रोग्रॅम ते वापरतोय, असा तो संदेश असतो. अनेक ठिकाणी सल्ला मिळतो की कुलपाची फाइल पुसून टाका. प्रत्यक्षात त्या वेळी मागे सुरक्षा अपडेट आपोआप चालू असतात, आणि दोन प्रोग्रॅमनी पॅकेजची नोंदवही एकदम लिहू नये म्हणून ते कुलूप असतं. ते तोडलं तर नोंदवही विस्कटते. काही मिनिटं थांबलं तर काहीच करावं लागत नाही. अपडेट चालू असताना वीज गेली असेल, आणि राज्याच्या कित्येक भागांत हे नवलाचं नाही, तर अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करून देणारी वेगळी आज्ञा आहे. तिचं नाव बहुतेकदा संदेशातच छापलेलं असतं. विंडोजची ड्राइव्ह लिनक्समधून फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, ही तक्रारही याच जातीची. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो. त्या अवस्थेत कुणी ड्राइव्हवर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून लिनक्स हात आखडता घेतं. ते सेटिंग बंद केलं, किंवा शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं, की ड्राइव्ह खुली होते. हे नकार बिघाड नाहीत, राखण आहे. न वाचता चिकटवलेली आज्ञा ती राखणच मोडते. शिवाय तयार आज्ञा कोणत्या वितरणाच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली होती, हे ती स्वतः सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोंदी विंडोजमध्येही असतात, त्यासाठी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ आहे, मग लिनक्सचं वेगळेपण काय? आहे, आणि तो चांगला आहे, हे मान्य करायला हवं. फरक पुढच्या पायरीवर पडतो. लिनक्सच्या नोंदीतलं वाक्य उचलून ज्या कोडमधून ते आलं तिथपर्यंत जाता येतं, तो कोड सांभाळणाऱ्यांकडे तक्रार नोंदवता येते, आणि तीच तक्रार आधी कुणी केली असेल तर तिच्यावरची सगळी चर्चा उघड वाचता येते. सामान्य माणूस कोड वाचणार नाही, पण वाचणारा कुणीतरी आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही, याचा फायदा सामान्य माणसालाच होतो.

तरीही वाचून सगळं सुटतं असा दावा करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. हार्डवेअर बनवणाऱ्याने माहितीच दिली नसेल, तर लिनक्सचा स्वयंसेवक काय करणार? ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चिप आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं यांनी वर्षानुवर्षं लोकांना छळलं. चिपच्या आत भरावं लागणारं फर्मवेअर मुक्त नसल्यामुळे डेबियन हे वितरण ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदललं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत मिळू लागलं. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला, तोही फक्त तुलनेने नव्या कार्डांसाठी. या अडचणींतही रोजनामा मुका नसतो. फर्मवेअर सापडलं नाही, हे तो फाइलच्या नावासकट लिहितो. सिक्युअर बूट चालू असल्यामुळे स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला गेला, तर तेही लिहितो. कर्नलच्या अपडेटनंतर पडदा अचानक ढोबळ दिसू लागण्यामागे पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी ड्रायव्हरची किल्ली मशीनमध्ये नोंदवून द्यावी लागते. जी कार्डं त्यानंतरही चालत नाहीत, त्यांच्यावर आठवडे घालवू नयेत. लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी वाय-फाय घ्यावा.

मराठी वापरणाऱ्यांसमोर आणखी एक घोटाळा उभा राहतो आणि त्याचं खापर हमखास लिनक्सवर फुटतं. जुनी मराठी फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की अक्षरं ‘बिघडलेली’ दिसतात. कशी बिघडली, हे बघितलं की निदान होतं. नुसते चौकोन दिसत असतील तर मजकूर युनिकोडमध्ये सुरक्षित आहे, फक्त देवनागरी फॉन्ट नाही. लोहित किंवा नोटोसारखा मुक्त फॉन्ट टाकला की मजकूर दिसू लागतो. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा अर्थहीन सडा दिसत असेल, तर ती फाइल युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, टाइप केलेली आहे. त्या पद्धतीत फाइलमध्ये साठवलेली अक्षरं मुळातच रोमन असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप चढवतो. अशी फाइल विंडोजवरही तो फॉन्ट नसेल तर तशीच दिसते. तिला नवी प्रणाली नको, युनिकोडमध्ये नेणारं रूपांतर हवं. ते करताना मूळ फाइल जपून ठेवावी, कारण रफार आणि जोडाक्षरं रूपांतरात हमखास घसरतात आणि पुन्हा ताडून पाहावी लागतात.

राहता राहिला भाषेचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. डेस्कटॉपचे मेनू मराठीत मिळतात, पण कर्नलचे संदेश इंग्रजीतच येतात, आणि वाचा म्हणून सांगणं सोपं असलं तरी ज्याला ती इंग्रजी येत नाही त्याने काय करायचं? यावर इंग्रजी शिका, हे उत्तर असू शकत नाही. पण घरच्या वापरात वारंवार भेटणारे संदेश मोजकेच असतात. जागा शिल्लक नाही, परवानगी नाही, फाइल सापडली नाही, कुलूप दुसऱ्याकडे आहे, फर्मवेअर मिळालं नाही, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आहे. अशा वीस-पंचवीस वाक्यांचा मराठी अर्थ, त्यामागचं कारण आणि पहिली करून बघायची गोष्ट, एवढं दोन पानांत मावतं. डेबियनवर उभ्या असलेल्या सगळ्या वितरणांना ती पानं सारखीच चालतील. त्यात उबुंटू आणि मिंट आले आणि सी-डॅकचं ‘बॉस’ही आलं. हे काम कुठल्याही महाविद्यालयातल्या संगणकशास्त्राच्या एका वर्गाला एका सत्रात करता येईल. ती पानं छापून शाळेच्या संगणक कक्षात आणि गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर लावावीत, पडद्यावरून मान वर केली की दिसतील इतक्या जवळ.