आनंदी माणूसच जास्त जगतो का?

"हसत राहा, आयुष्य वाढेल," असे आजारी माणसाला हमखास ऐकवले जाते. जणू दुखणे त्याच्या कुरकुऱ्या स्वभावानेच आले!

ब्रिटनमध्ये ही समजूत तपासली गेली. सात लाखांहून अधिक प्रौढ स्त्रियांना विचारले, तुम्ही कितपत सुखी आहात? पुढे सुमारे १० वर्षे त्यांची नोंद ठेवली. निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्वतःला दुःखी म्हणवणाऱ्या स्त्रियांत मृत्यू अधिक होते खरे. पण त्यांतल्या कित्येकजणी आधीच आजारी होत्या. दम्याने रात्र बसून काढणारी बाई सकाळी हसेल कशी? आधीचे आजार, गरिबी, धूम्रपान हे सारे हिशेबात धरले, तेव्हा सुखी-दुःखी असा फरक उरला नाही.

तेव्हा भगिनींनो, घरातल्या आजाऱ्याला हसण्याचा उपदेश करण्याआधी त्याला दवाखान्यात न्या.

याच स्त्रियांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवावी. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य किमान १० वर्षांनी घटते. चाळिशीच्या आत सोडली, तर हा जादा धोका ९० टक्क्यांहून अधिक टळतो.