रत्नागिरीला मुक्काम करा!

रत्नागिरीला बदली झाली की बँकेतल्या माणसाला दोन गोष्टी न मागता मिळतात. एक भाड्याचं कौलारू घर आणि दुसरे पाहुणे. नोकरीतली काही वर्षं मी या गावात काढली. तेवढ्या काळात पुण्या-मुंबईचे किती नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे मेहुणे घरी येऊन गेले, याचा हिशेब ठेवला असता तर एक स्वतंत्र खातेवही लागली असती.

या सर्वांचा कार्यक्रम मात्र एकच. सकाळी पावस, दुपारी गणपतीपुळे, दर्शन, समुद्रात पाय बुडवणं, आंबापोळी-फणसपोळीची खरेदी आणि रात्रीच्या गाडीनं परत. खुद्द रत्नागिरी त्यात कुठंच नसे. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून थेट मंगळूरपर्यंत धावू लागली, प्रवास सोपा झाला आणि माणसं आणखी घाईत आली. या गावाची गंमत अशी, की ज्यांना इथं सक्तीनं आणून ठेवलं त्यांनी इथं वर्षानुवर्षं काढली आणि जे हौसेनं येतात, ते एक रात्रही थांबत नाहीत.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याला सहकुटुंब रत्नागिरीत आणलं. आज आपण पाहतो तो राजवाडा त्याला मिळाला १९१० च्या सुमारास, म्हणजे कैदेची जवळजवळ चोवीस वर्षं उलटल्यावर. पुढे सहाच वर्षांत, १९१६ साली, तो इथंच वारला. आता वाड्यात संग्रहालय आहे. तिथल्या वस्तू जरूर पाहा, पण जवळच्या थिबा पॉइंटवर सूर्यास्तापर्यंत थांबा. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. आपल्या मुलखाकडे जाणारी वाट याच पाण्यावरून आहे आणि ती आपल्याला बंद आहे, हे ठाऊक असलेला माणूस तीस वर्षं या गावात राहिला. तिथं उभं राहिलं की इतिहासाचं पुस्तक न उघडता तो कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिळक आळीत जा. १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला ते घर तिथं जपून ठेवलं आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना एक कोडं घाला. टिळकांना १९०८ ते १९१४ या काळात कुठं ठेवलं होतं? मंडालेला. आणि मंडाले ही कुणाची राजधानी? थिबाची! रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा त्याच वेळी रत्नागिरीत कैदी. इंग्रजांच्या जमाखर्चातल्या या दोन नोंदी एकाच गावात, एका मुक्कामात ताडून पाहता येतात. थिबाची समाधीही इथंच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिचं दर्शन घेऊन गेले. आपले पर्यटक मात्र बहुधा तिकडे फिरकत नाहीत.

तिसरे सक्तीचे पाहुणे स्वातंत्र्यवीर सावरकर. १९२४ ते १९३७ त्यांना या जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती. त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं सर्व जातींसाठी खुलं असलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली उभं राहिलं. दोन घटका तिथं जरूर बसावं.

संध्याकाळ समुद्राची. या गावाला समुद्रही दोन आहेत. मांडवीकडचा काळा, मिऱ्याकडचा पांढरा. नावं वाळूच्या रंगावरून पडली. दोन्हीकडची मूठ-मूठ वाळू घेऊन मुलांच्या तळहातावर ठेवा, वेगळं सांगावं लागणार नाही. मध्ये रत्नदुर्ग, तिन्ही बाजूंना पाणी असलेला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. भगवतीचं दर्शन घेऊन तटावर आलात की मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचांची गर्दी दिसते. मासळीचा लिलाव चालू असेल तर नाकाला रुमाल न लावता पाहावा. आमच्यासारख्या बँकवाल्यांना जे आकडेमोड करून जमत नाही, ते तिथल्या बायका उभ्या-उभ्या करतात.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. घाईचा पाहुणा स्वतःचं घड्याळ घेऊन समुद्रावर येतो. आमचे घरमालक अशांना म्हणत, "घड्याळ कसलं बघता? तिथी बघा." कोकणातला जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला तीननं गुणून चारनं भागलं की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढचे सहा तास ओहोटी. म्हणजे संकष्टीला गणपतीपुळ्याचं दर्शन आणि जेवण उरकून मंडळी पाण्यात उतरतात, नेमकं तेव्हाच पाणी मागे फिरू लागतं आणि पाय ओढतं. त्या किनाऱ्यानं अनेक घरांतली तरणीताठी मुलं नेली आहेत. हा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पण विचारायलाही थांबावं लागतं आणि गाडी गाठायची असलेला माणूस विचारत नाही.

मी काही रत्नागिरीचा नव्हे, बदलीवर आलेला आणि बदलीवर गेलेला. तरीही वाचकांना एवढंच सुचवतो. यंदा कोकणात निघालात तर यादीतली दोन ठिकाणं कमी करा आणि एक रात्र वाढवा. पुळ्याचा गणपती दुसऱ्या दिवशीही तिथंच असतो. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर अनवाणी चाला, दुपारी कुठल्यातरी खानावळीत सोलकढी दोनदा मागा, संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर काहीही न करता बसा. परतीची गाडी आपल्या हातात असणं हे केवढं सुख आहे, ते थिबाच्या गावात जितकं कळतं तितकं दुसरीकडे क्वचितच कळेल.