यंत्रांची रोजकीर्द

समजा, तुम्ही मोबाइलवरून एक पुस्तक मागवत आहात. किंमत ३०० रुपये. ‘पैसे भरा’ हे बटण तुम्ही दाबले आणि नेमके त्याच क्षणी नेटवर्क गेले. पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. आता काय करावे? पुन्हा बटण दाबावे, तर ३०० ऐवजी ६०० रुपये जातील अशी भीती. न दाबावे, तर पुस्तक येणारच नाही अशी शंका.

तुम्हाला वाटेल, दुकानाच्या संगणकाला तरी खरे काय ते ठाऊक असेल. गंमत अशी, की पुष्कळदा त्यालाही ते ठाऊक नसते! असे का होते आणि त्यावर संगणकतज्ज्ञांनी कोणता उपाय शोधला, ते आपण पाहू.

एक दुकान, अनेक यंत्रे

पडद्यावर दिसणारे दुकान एक असले, तरी त्याच्या मागे पुष्कळ संगणक असतात. मागणी घेणारा एक, पैशांचा हिशेब करणारा दुसरा, गोदामातील साठा पाहणारा तिसरा, ग्राहकाला संदेश धाडणारा चौथा. हे संगणक बहुधा दुकानदाराच्या मालकीचेही नसतात. मोठ्या कंपन्यांनी ठिकठिकाणी इमारती बांधून त्यांत हजारो संगणक ठेवलेले आहेत आणि ते भाड्याने मिळतात. यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. ॲमेझॉन कंपनीची अशी केंद्रे मुंबई परिसरात २०१६ पासून आहेत.

या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे कसे? सोपी रीत म्हणजे टेलिफोनची. मागणीच्या यंत्राने पैशांच्या यंत्राला विचारायचे, उत्तराची वाट पाहायची. मग गोदामाला विचारायचे, पुन्हा वाट पाहायची. पण गोदामाचे यंत्र बंद पडले, तर? बाकीची धडधाकट यंत्रेही खोळंबून बसतात. शिवाय १० यंत्रांपैकी प्रत्येकाला बाकीच्या ९ यंत्रांशी बोलायचे असेल, तर संवादाचे ९० मार्ग सांभाळावे लागतात. यंत्रे वाढली, की हा गुंता झपाट्याने वाढतो.

हुकूम आणि घटना

यावर एक वेगळी रीत निघाली. ‘पुस्तक पाठव’ असा हुकूम एखाद्या यंत्राला देण्याऐवजी मागणीचे यंत्र फक्त एवढेच जाहीर करते, की ‘पुस्तकाची मागणी आली’. हुकूम कोणाला तरी उद्देशून असतो आणि तो पाळला जाईलच असे नाही. घटना मात्र घडून गेलेली असते; ती बदलता येत नाही. ज्या यंत्राला तिच्याशी कर्तव्य असेल ते आपले काम करील. उद्या वाचकांची आवडनिवड पाहणारे नवे यंत्र आणले, तर तेही हीच घटना वाचील. मागणीच्या यंत्रात काहीही बदल करावा लागणार नाही. अशा मांडणीला ‘घटनाधिष्ठित रचना’ म्हणता येईल.

पण घटना जाहीर करायची कोठे?

कीर्द आणि खतावणी

याचे उत्तर जुन्या दुकानातल्या दिवाणजीला ठाऊक होते. दिवसभरात जे जे व्यवहार होतील ते क्रमाने, एकाखाली एक, रोजकीर्दीत लिहायचे. मग त्या कीर्दीवरून प्रत्येकाचे खाते खतावणीत तयार करायचे. खतावणी हरवली, तर कीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. कीर्द हरवली, तर मात्र सारेच अवघड.

लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जुळवणाऱ्या संकेतस्थळाला २०१० च्या सुमारास यंत्रांच्या अशाच गुंत्याने भंडावले होते. तेथील जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव या अभियंत्यांनी ‘काफ्का’ नावाची प्रणाली तयार केली आणि २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. यांपैकी नेहा नारखेडे यांचे अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण पुण्यात झाले.

काफ्काचा गाभा म्हणजे एक रोजकीर्दच. नवी नोंद नेहमी शेवटी होते. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक मिळतो आणि लिहिलेली नोंद कोणी बदलत नाही. वाचणारे प्रत्येक यंत्र आपण कितव्या नोंदीपर्यंत वाचले याची वाचनखूण ठेवते. गोदामाचे यंत्र दोन तास बंद पडले, तरी काही बिघडत नाही. सुरू झाल्यावर ते आपल्या खुणेपासून पुढे वाचू लागते. एका संगणकाची तबकडी बिघडली, तर कीर्दच जाऊ नये म्हणून तिच्या प्रती दोन-तीन संगणकांवर ठेवतात. काम फार वाढले, तर एका कीर्दीच्या अनेक वह्या करतात. मात्र एका ग्राहकाच्या सर्व नोंदी एकाच वहीत जातील असे पाहतात. २०१९ मध्ये लिंक्डइनच्या यंत्रणेतून दिवसाला ७ लाख कोटी संदेश जात होते. म्हणजे सेकंदाला सरासरी ८ कोटी!

एकच निरोप दोनदा

आता आपल्या ३०० रुपयांकडे वळू. मागणीच्या यंत्राने कीर्दीकडे नोंद धाडली, पण पोच आली नाही. याचे अर्थ दोन होतात. एक तर नोंद वाटेत हरवली. किंवा नोंद पोचली, लिहिलीही गेली, पण परतीची पोच हरवली. धाडणाऱ्याला दोन्ही वेळी सारखेच दिसते, ते म्हणजे शांतता. त्याने पुन्हा धाडले नाही, तर मागणी बुडण्याचा धोका. पुन्हा धाडले, तर ती दोनदा लिहिली जाण्याचा धोका. तारा कितीही चांगल्या वापरल्या, तरी ही अडचण मुळातून जात नाही.

मग युक्ती कोणती? पुन्हा धाडायचे, पण दोनदा आले तरी नुकसान होणार नाही अशी व्यवस्था करायची. उद्वाहनाचे म्हणजे लिफ्टचे बटण आठवा. ते पाच वेळा दाबले, तरी पाच उद्वाहने येत नाहीत. ‘३०० रुपये वजा करा’ हा निरोप तसा नाही. तो दोनदा आला, तर ६०० रुपये जातील. पण ‘मागणी क्रमांक ४७१ चे ३०० रुपये वजा करा’ असे लिहिले, की चित्र पालटते. पैशांचे यंत्र आपल्या खतावणीत पाहते: ४७१ चे पैसे आधीच घेतले आहेत, तेव्हा आता काही करायचे नाही, फक्त पोच द्यायची. मात्र हा क्रमांक पहिल्यांदा धाडतानाच ठरला पाहिजे आणि पुन्हा धाडताना तोच राहिला पाहिजे.

आधी काय, नंतर काय?

दुसरी अडचण क्रमाची. ‘मागणी केली’ आणि ‘मागणी रद्द केली’ या दोन घटना उलट्या क्रमाने पोचल्या, तर घोटाळा होईल. एकाच वहीत क्रम आपोआप ठरतो. पण वह्या वेगवेगळ्या गावी असतील, तर? घड्याळे पाहावी म्हटले, तर संगणकातील साधे क्वार्ट्झ घड्याळ दिवसाकाठी एखादा सेकंद पुढेमागे होऊ शकते. ती घड्याळे वारंवार जुळवतात, तरी थोडा फरक राहतोच. आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १३,००० किलोमीटरवरच्या यंत्राकडे निरोप पोचायला निदान ६५ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात यंत्र हजारो कामे उरकते.

१९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर तोडगा सुचवला. घड्याळाऐवजी प्रत्येक यंत्राने एक साधा मोजक ठेवावा. घटना घडली, की त्यात १ मिळवावा. निरोपाबरोबर मोजकाचा आकडा धाडावा. ज्याला निरोप मिळेल त्याने आपला आकडा त्याहून मोठा करावा. मुंबईचा ४१ आकड्याचा निरोप हैदराबादच्या यंत्राला मिळाला आणि त्याचा स्वतःचा मोजक १२ वर असला, तरी ते ४२ वर उडी मारील. अशाने कारणाचा आकडा कार्याच्या आकड्याहून नेहमी लहानच राहतो. लॅम्पोर्ट यांना २०१३ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

शिळा हुकूम

क्रम चुकला, तर काय होते याचे ताजे उदाहरण २० ऑक्टोबर २०२५ चे आहे. आपल्याकडे दिवाळीचे दिवस होते. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील ॲमेझॉनच्या केंद्रात बिघाड सुरू झाला आणि जगभरच्या असंख्य सेवा बंद पडल्या.

यंत्रे एकमेकांना शोधतात ती पत्त्यांच्या एका वहीवरून. तेथील माहिती साठवणाऱ्या एका मोठ्या सेवेचे पत्ते या वहीत लिहिण्याचे काम अनेक आज्ञावल्या करीत; एक बंद पडली, तर दुसरी असावी म्हणून. प्रत्येक यादी लिहिण्यापूर्वी ती आधीच्या यादीपेक्षा नवी आहे ना, हे पाहिले जाई. पण त्या दिवशी एक आज्ञावली फार रेंगाळली. तिने तपासणी केली तेव्हा तिची यादी नवी होती; प्रत्यक्ष लिहिले तेव्हा ती शिळी झाली होती. तिने नव्या यादीवर जुनी यादी चढवली. त्याच वेळी दुसरी आज्ञावली जुन्या याद्या पुसत होती. तिने हीही पुसली. वहीतले पान कोरे झाले! यंत्रे चालू होती, पण त्यांचा पत्ता कोणाला सापडेना. शेवटी माणसांनी हात घालून पान पुन्हा लिहिले. मूळ दोष जायला सुमारे तीन तास लागले आणि सारे सुरळीत व्हायला आणखी जवळजवळ बारा तास.

यातला धडा साधा आहे. क्रमांक तपासणे आणि लिहिणे या दोन क्रियांमध्ये फट राहता कामा नये.

खोडायचे नाही

ही रचना सर्वत्र वापरावी असे मात्र नाही. लहान दुकानाला एक संगणक पुरतो. शिवाय कीर्द वाचायला प्रत्येक यंत्राला थोडा वेळ लागतो, म्हणून काही क्षण एका यंत्राचे म्हणणे दुसऱ्याशी जुळत नाही. शेवटची एक प्रत दोघांना विकली जाऊ शकते. अशा वेळी नोंद खोडत नाहीत. दिवाणजीप्रमाणे उलट नोंद करतात: ‘मागणी रद्द, ३०० रुपये परत’. चूक आणि दुरुस्ती दोन्ही कीर्दीत राहतात.

तर पुढच्या वेळी चक्र फिरत राहिले, की काय कराल? घाईने पुन्हा पहिल्यापासून मागणी करू नका. तिला नवा क्रमांक मिळेल आणि यंत्र तिला वेगळीच मागणी समजेल. आधी ‘माझ्या मागण्या’ हे पान उघडून पाहा. कीर्दीत काय लिहिले आहे ते तेथे कळेल.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याने ‘१ खडू’ असे लिहिलेल्या १० चिठ्ठ्या एकेक करून निरोप्यामार्फत फळ्याजवळच्या मित्राकडे धाडाव्यात. निरोप्याने जाताना नाणे उडवावे. काटा आला, तर चिठ्ठी हरवली. चिठ्ठी पोचली, की मित्राने फळ्यावर एक रेघ ओढावी आणि पोच द्यावी. पोच आणतानाही निरोप्याने नाणे उडवावे. पोच मिळेपर्यंत तीच चिठ्ठी पुन्हा लिहून धाडत राहावे. शेवटी फळ्यावरच्या रेघा मोजा. १० ऐवजी त्या २० च्या आसपास भरतील! हा आकडा का येतो, ते संभाव्यतेच्या नियमांनी काढता येते, प्रयत्न करा. नंतर चिठ्ठ्यांवर १ ते १० क्रमांक घालून, आलेला क्रमांक पुन्हा आल्यास रेघ न ओढता खेळ पुन्हा खेळा. निरोप्या तितकाच वेंधळा राहील. हिशेब मात्र १० वर बरोबर जुळेल.