तीन तासांची कॅसेट, पाच मिनिटांचा सिनेमा

मुहूर्त बारा एकतीसचा. हडपसरहून मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं लॉन्स. चार मंगलाष्टकं झालीत, पाचव्यासाठी नवरीच्या मावशीने माइक हातात घेतलाय आणि सूर कुठे लागणार हे तिच्यासकट कोणालाच माहीत नाही. स्टेजवर गुरुजी, अंतरपाट धरलेले दोघं, नवरीच्या पाठीशी मामा, करवल्या, आणि या सगळ्यांच्या कडेला गुडघा टेकून बसलेला काळ्या टी-शर्टातला मुलगा. त्याच्या हातातल्या गिंबलवर कॅमेरा आहे, पण त्याची नजर नवरीवरही नाही आणि नवऱ्यावरही नाही. तो अंतरपाट धरलेल्या माणसाच्या अंगठ्याकडे बघतोय.

‘‘कापड सोडायच्या आधी अंगठा ढिला पडतो,’’ त्याने मला नंतर सांगितलं. ‘‘तेव्हाच सरकायला लागतं. कापड हललेलं दिसलं आणि मग निघालो, तर संपलं.’’

अंतरपाट कोणत्या बाजूला काढणार, हेही त्याने सकाळी गुरुजींना विचारून ठेवलं होतं. नाहीतर ऐन वेळी कापड भिंगावरूनच जायचं. अंगठा ढिला पडला आणि पुढच्या दोन सेकंदांत अंतरपाट गेला, अक्षता उडाल्या, ताशा सुरू झाला, नवरीने वर पाहिलं. परत आला तेव्हा तो लेन्सच्या पुढच्या हूडमधून पिवळे तांदूळ झटकत होता. पंधरा-वीस दाणे तरी असतील. गुरुजींना ‘जरा थांबता का’ म्हणणारे कॅमेरेवाले असतात, आणि पुन्हा हार घालायला लावणारेही असतात. हा मुलगा त्यातला नाही, म्हणून मी दिवसभर त्याच्यामागे फिरलो.

हडपसर परिसरात त्याच्यासारखे फ्रीलान्सर बरेच आहेत. कामाच्या चिठ्ठीवर माणसं नसतात, जागा असतात: एक ट्रॅडिशनल फोटो, एक ट्रॅडिशनल व्हिडिओ, एक कँडिड, एक सिनेमॅटिक. ट्रॅडिशनल व्हिडिओवाला समोर स्टँड लावून सगळा विधी सलग घेतो. सिनेमॅटिकवाला तुकडे वेचतो: बांगड्यांचा हात, बापाचा गिळलेला आवंढा, पायरीवर उलटी पडलेली चप्पल. पाचवा ड्रोनवाला. लोहगावचा विमानतळ फार लांब नाही आणि हडपसरला स्वतःचं ग्लायडिंग सेंटर आहे, त्यामुळे २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे उडवण्याआधी सरकारी नकाशात आपला ठिपका कोणत्या रंगात पडतो ते बघायचं असतं. प्रत्येक जण बघतो का, हे मी विचारलं नाही.

समारंभ टिपण्याचं वेड मराठी माणसाला जुनं. ‘सावे दादा’ म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईतले फोटो स्टुडिओवाले. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागतही त्यांनी टिपलं. हे परांजपे पुढे आपल्या फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे आधी स्टुडिओ, मग चालता-बोलता प्रसंग, आणि रिटेकची सोय नाही. धंद्याची कुंडली तेव्हाच मांडली गेली होती.

लग्नात मात्र कॅमेरा घुसला तो व्हीएचएसबरोबर. खांद्यावरचा पॅनासॉनिक, त्याच्या मागे हॅलोजन धरलेला पोरगा, आणि त्या पोरामागे सापासारखी वळवळणारी वायर. पंगतीत दिवा तोंडावर आला की माणसं घास तसाच धरून हसायची. आपल्याकडे चालायची ती ई-१८० कॅसेट १८० मिनिटांची. लग्नाचा व्हिडिओ तीन तासांचा का, याचं उत्तर इतकं साधं आहे. कॅसेट तेवढी होती! भरलेच पाहिजेत असे तीन तास हाताशी असल्यावर कॅमेरेवाला टेबलाटेबलावर जायचा, आहेर देणाऱ्या प्रत्येकाला घ्यायचा, जिलबीच्या परातीवरही रेंगाळायचा. वर ‘मिक्सिंग’ व्हायचं: बदामाच्या आकारात नवरा-नवरी, कमळ उमलून त्यातून सासूबाई. आम्ही त्यावर खूप हसलो आहोत. पण एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नाही. त्या कॅमेऱ्याचा डोळा, म्हणजे आतला सेन्सर, नखाएवढा लहान. लहान सेन्सरला जवळचं आणि लांबचं एकदमच स्पष्ट दिसतं. त्यामुळे नवरदेवाच्या मुंडावळ्यांइतकीच पाचव्या रांगेतली आत्याही स्वच्छ यायची.

२००८ मध्ये कॅननने ‘फाइव्ह डी मार्क टू’ काढला आणि चित्र पालटलं. फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ आला, तोही ३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरवर. आता नवरीची पापणी स्पष्ट ठेवून तिच्यामागचं सगळं कार्यालय दुधासारखं विरघळवता येऊ लागलं. सिनेमात दिसतं तसं. त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. चार जीबीची फाइल भरली की, म्हणजे साधारण बारा मिनिटांनी, रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं. उत्साही नातेवाईक असतील तर मंगलाष्टकं त्याहून लांबतात. शिवाय सुरुवातीला तो सेकंदाला ३० चित्रंच घ्यायचा. २५ची सोय २०१० मध्ये आली.

या २५च्या आकड्याशी आपल्या विजेचं नातं आहे, आणि या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला २५ चित्रं घेताना शटर त्याच्या दुप्पट, १/५०वर ठेवलं तर प्रत्येक चित्रात दिव्याचे दोन ठोके पुरे बसतात आणि उजेड शांत राहतो. पण नवरीची एन्ट्री पार्टीला हवी असते स्लो मोशनमध्ये. त्यासाठी सेकंदाला १०० चित्रं घ्यायची, तर शटर १/२००च्या आसपास न्यावं लागतं. मग एका चित्रात अर्धाच ठोका येतो आणि पडद्यावर नवरीच्या शालूवरून काळे पट्टे सरकतात. स्टेजमागच्या एलईडी भिंतीची लय आणखी निराळी. म्हणून हा मुलगा सकाळी आठला, हॉलमध्ये झाडू फिरत असतानाच, डेकोरेशनवाल्याकडून सगळे दिवे लावून घेतो आणि शटर एकेक पायरी हलवून बघतो. तेवढ्यात कोणीतरी विचारतंच, ‘‘दादा, नाश्ता झाला का?’’ झालेला नसतो.

आवाजाची तऱ्हा वेगळीच. नवऱ्याच्या शेरवानीत कॉलर माइक खुपसलेला असतो. कपड्याला घासून तो खरखरतो, म्हणून खाली कापडी पट्टी चिकटवायची. त्या माइकवर मंगलाष्टकं येतात, मित्रांच्या कानगोष्टी येतात, ‘भूक लागली’ येतं. पाठवणीच्या वेळी मात्र तो नवऱ्याकडून काढून नवरीच्या वडिलांच्या खिशाला लावतात. फिल्मचा कणा तो आवाज असतो. ऐरणीदानाच्या वेळी वडील काय बोलतात हे आईलाही ऐकू जात नाही, इथे जातं.

सिनेमॅटिकची ही भाषा लोकांपर्यंत पोहोचली ती बड्या लग्नांतून. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्माचं टस्कनीत लग्न झालं. विशाल पंजाबी यांच्या ‘द वेडिंग फिल्मर’ने केलेली त्याची फिल्म घराघरांत मोबाइलवर पोहोचली आणि पुढच्या तिथ्यांपासून प्रत्येकाला ‘तसंच’ हवं झालं. तसंच, पण फुरसुंगीच्या कार्यालयात. टस्कनीच्या जागी दिवे घाटाखाली वडकीचा मस्तानी तलाव आहेच. लगीनसराईच्या आधीच्या रविवारी तिथे प्री-वेडिंगच्या जोड्या बस थांब्यावर उभं राहावं तशा रांगेत उभ्या असतात.

गिऱ्हाईकही हडपसरचंच आहे. शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर उभी केलेली मगरपट्टा सिटी, अमानोरा, त्याभोवती वाढलेल्या सोसायट्या, आणि त्यांत सोलापूर, लातूर, धाराशिवकडून आलेली आयटीतली पोरं. लग्न गावी, रिसेप्शन इथे. मग फ्रीलान्सरही लॅपटॉप, कॅमेरे आणि बॅटऱ्या घेऊन रात्री सोलापूर रोडने निघतो आणि सकाळी हळदीला हजर होतो. हळद आता डीजेसकट असते. ओल्या हळदीपासून कॅमेरा वाचवायला तो त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळतो. पिशवी पुण्यातल्या नामांकित मिठाईवाल्याची होती.

पैशाचं गणित विचित्र आहे. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, गुरू किंवा शुक्राचा अस्त आला की नाहीत, आणि तिथी दाट आली की एकाच दिवशी चार ठिकाणांहून फोन. ऑर्डर बहुतेक वेळा स्टुडिओवाल्याची असते, फ्रीलान्सर रोजाने जातो. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो: अमुक तारखेला एक सिनेमॅटिक पाहिजे, स्वतःचा कॅमेरा. रात्री कार्डं स्टुडिओकडे द्यायची. आपण काय टिपलं ते पुन्हा डोळ्यांनी दिसेलच असं नाही, नावाखाली दाखवता येईल असंही नाही. स्वतःची ऑर्डर असेल तर ॲडव्हान्स मिळतो, लग्नादिवशी दुसरा हप्ता मिळतो, आणि तिसरा अल्बमबरोबर. हा तिसरा हप्ता जोडी हनिमूनहून परत येईपर्यंत थंड झालेला असतो.

स्वतःच्या ऑर्डरचा डेटा मात्र त्याच्याकडे राहतो, आणि तो थोडाथोडका नसतो. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं की तासाला ४५ जीबी. तीन कॅमेऱ्यांचे मिळून दहा तास झाले, तर एका लग्नाचे ४५० जीबी. त्याच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली हार्ड डिस्का आहेत, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर आडनावं. एडिटिंगला एडियस शिकलेला हा मुलगा आता दाव्हिन्ची रिझॉल्व्हवर बसतो. राखाडी, धुपलेलं ‘लॉग’ चित्र त्यात टाकतो आणि हळदीचा पिवळा व स्टेजचा गुलाबी उजेड यांच्यामधून माणसाच्या कातडीचा रंग शोधत बसतो. गाण्याचा घोळ निराळा. लग्नसमारंभात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए)मध्ये सूट आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने तसा खुलासाही केला. पण तेच गाणं फिल्मखाली जोडून यूट्यूबवर चढवणं ही वेगळी गोष्ट. पार्टीला हे पटत नाही. ‘‘हॉलमध्ये वाजलं तेव्हा चाललं ना?’’

या सगळ्यातून निघते पाच मिनिटांची फिल्म आणि एक मिनिटाचा टीझर. सुंदर असतात, यात वाद नाही. लॉन्सवर दिसलेला तो अंगठा, ते कापड, ती वर उठलेली नजर मी तीनदा पाहिली. पण मावशी त्यात नव्हती. तिचं मंगलाष्टक कापलं होतं. सूर लागला नव्हता, आणि तिच्यामागची दोनशे माणसं दुधासारखी विरघळली होती. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा ड्रोन सोडावा, स्टँडवरचा ट्रॅडिशनलवाला सोडू नये. मुलालाही ते मान्य आहे, त्याची रोजी सिनेमॅटिकवर असूनही.

त्याचं कारण त्याने सांगितलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी फोन येतात. टीझरसाठी नव्हे, तो प्रत्येकाच्या मोबाइलवर असतो. आजी गेलेली असते, काका गेलेले असतात, आणि घरच्यांना ते जेवताना, बोलताना हवे असतात. मग तो पलंगाखाली वाकून आडनाव शोधतो. कुठल्यातरी तुकड्यात, फोकसच्या बाहेर, आजी जिलबी नको नको म्हणत असते आणि वाढपी वाढतच असतो. सात-आठ सेकंद. त्याचे तो पैसे घेत नाही. फक्त पेनड्राइव्ह तुमचा आणा, म्हणतो.