फुप्फुसाचा बांध पोखरणारे एन्झाइम



तोडलेला ऊस वेळेवर गाळपास आला नाही तर उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको. उसातलेच इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम साखर फोडून टाकते. पुस्तकात याला विकर म्हणतात. साखर फोडणारी विकरे असतात, तशीच प्रथिने फोडणारीही असतात. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात. तिच्या चिकातले पपेन याच जातीचे.

आपल्या अंगातही अशी एन्झाइमे आहेत. बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाते कशी, याचा शोध घेताना १९६२ साली अमेरिकेत ग्रॉस व लापिएर या शास्त्रज्ञांना कोलॅजन हे चिवट प्रथिन तोडणारे एन्झाइम सापडले. जखम भरताना अशी एन्झाइमे उपयोगी पडतात. काम झाले की शरीर त्यांना आवर घालते.

कर्करोगात हा आवर सुटतो. फुप्फुसातील पेशींच्या थराखाली कोलॅजनचा पातळ पडदा असतो, शेताच्या बांधासारखा. गाठीतल्या व आजूबाजूच्या पेशी एन्झाइम सोडून तो पोखरतात. बांध फुटला की रोग रक्तावाटे हाडांत, यकृतात, मेंदूत जातो.

विडी-सिगारेटचा धूर यात भरच घालतो. धुराने फुप्फुसात पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्यांच्यात इलॅस्टेज हे प्रथिने फोडणारे एन्झाइम असते. ते गाठीच्या पेशीत शिरून तिची वाढ जोमाने करते, असे २०१० साली उंदरांवरील प्रयोगात दिसले.

मग हे एन्झाइमच बंद करावे की! तसाही प्रयत्न झाला. प्रिनोमास्टॅट नावाचे औषध पुढच्या टप्प्यातील रुग्णांना देऊन पाहिले. आयुष्य काही वाढले नाही, सांधे मात्र दुखू लागले.

तेव्हा बांध फुटण्याआधीच जागे व्हावे, हे बरे. तीन आठवडे खोकला हटत नाही, थुंकीत रक्त दिसते, वजन उतरते, तर अंगावर काढू नका. क्षयाची औषधे घेऊनही उतार पडत नसेल तर पुन्हा तपासणी मागा. नागपुरात मेडिकल आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे.

ऊस वाळू नये म्हणून आपण तोडीच्या चिठ्ठीसाठी धावपळ करतो. तेवढी घाई स्वतःच्या छातीसाठीही करावी आणि विडी आजच टाकावी, हे आमचे आग्रहाचे सांगणे.