छातीतली झाडू गँग

वर्धा रोडने बाईकवरून ऑफिसला पोचलात, की रुमाल काळा! मग ही नागपुरी धूळ सगळी छातीत का साचत नाही, बॉस? श्वासनलिकेतल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात. सेकंदाला १०-१२ वेळा हलत ते धूळ चिकटलेला कफ घशाकडे ढकलतात. त्यांना ‘पळा’ असा निरोप देणाऱ्यांपैकी एक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. गाडीच्या धुरातला तोच वायू, पण इथे पेशींनी स्वतः बनवलेला, नावापुरता. रक्तवाहिन्यांतल्या त्याच्या निरोप्यागिरीला १९९८चं नोबेल मिळालं. गुणगुणताना नाकातून तो १५ पट बाहेर पडतो, हे २००२मध्ये स्वीडनमध्ये दिसलं. भ्रामरीवाले खूश! (औषध मात्र समजू नका.) टपरीवरच्या सिगारेटने वायूही घटतो, केसही झडतात. मग कफ वर आणायला उरतो फक्त सकाळचा खोकला.